भिंतीपलीकडची विकेट

"गेला!" भिंतीपलीकडून महिपतराव ओरडले, आणि शेजारची शामला चप्पल अडकवून थेट त्यांच्या दारात.

"अहो, कोण गेला? आमच्याकडे बोलर अजून धावतोय!"

"मग धावू द्या की त्याला." महिपतरावांच्या मांडीवर रेडिओ, रेडिओची तार खिडकीच्या गजाला. "वहिनी, माझा रेडिओ सीधा येतो. तुमच्या टीव्हीचं डिजिटल आधी वर आकाशात जाणार, तिथून खाली उतरणार, मग तो डबा त्याची उजळणी घेणार, तेव्हा कुठे तुम्हाला दिसणार. यात माझं काय चुकलं?"

"मॅचची सगळी मजा जाते. हळू तरी ओरडा."

"हळू ओरडतात कसं, ते करून दाखवा."

शामला हसली नाही. घरी येऊन हसली.

माधवगंजातल्या त्या इमारतीत दोघांच्या घरांमध्ये एकाच विटेची भिंत होती. नवरा मधुसूदन गेल्यापासून शामला एकटी. लेक मंजिरी इंदूरला. तिचा फोन रविवारी यायचा, तोही 'जेवलीस ना?' पासून 'ठेवते हं' पर्यंत धावत. दूधवाला पिशवी दाराला अडकवून निघून जायचा. भांडायला म्हणून हक्काचं माणूस एकच, महिपतराव. मॅच असली की ती भिंतीला खुर्ची लावून बसायची आणि पलीकडून आरोळी आली की तणतणत जायची. भांडण कधी दोन वाक्यांत आटपायचं, कधी चहा होईपर्यंत टिकायचं. मॅच नसली की आठवडा सरता सरायचा नाही.

त्या शनिवारी मॅच होती. शामलाने साडी बदलली, खुर्ची लावली. पलीकडे शांतता. बराच वेळ गेला. ना कुणी चौका मारला, ना कुणी गेला. तिच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. शेवटी ती अनवाणीच धावली आणि दार ठोठावत राहिली.

दार उघडायला वेळ लागला. कानावरचा हेडफोन काढत महिपतराव उभे होते, चांगले धडधाकट. आत नवाकोरा टीव्ही.

"या वहिनी! भोपाळहून आमचा संग्राम आला होता ना, पोरानं बसवून दिला. मीच म्हटलं, डिजिटलच घे बाबा, आणि हे कानाचंही घे. शेजारच्या वहिनींना किती वर्षं छळलं! आता तुमचा बोलर नि माझा बोलर बरोबरच धावणार."

"आणि रेडिओ?"

"कबाड्याला दिला. आता बिलकुल आवाज येणार नाही. खूश ना?"

"खूश," शामला म्हणाली. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं.

आत पडद्यावर काहीतरी झालं असावं. महिपतरावांची मान तिकडे वळली. "जा जा वहिनी, तुमची ओव्हर चुकेल."

ती वळली. आपल्या दारापर्यंत गेली, कडीला हात लावला, आणि परत आली.

"महिपतराव, स्कोअर किती झाला, सांगता? माझा टीव्ही मंजिरीनं इंदूरला नेला, त्याला आता दोन वर्षं होतील."