पडद्यामागची नाडी

प्लेग ओसरला आणि त्याच्या मागोमाग शिवाजी पेठेत कंपवाताची साथ आली, असं निसार हकिमांचं ठाम मत झालं होतं. ज्याची नाडी धरावी त्याच्या अंगात कंप! विहिरीचं पाणीच बाधलंय, असं ते चारचौघांत ठणकावून सांगत आणि येईल त्याला कंपवाताच्या पुड्या बांधून देत.

त्या दिवशी ते लालबीला तपासायला गेले. म्हातारी कडक गोषातली. ती पडद्याआड बसून मनगटाला रेशमी दोरा बांधायची, त्याचं टोक बाहेर सोडायची आणि हकीम त्या दोऱ्यावरून नाडी ओळखायचे. वर्षानुवर्षं हीच रीत चालत आली होती. हकिमांनी टोक चिमटीत धरलं आणि डोळे मिटले.

"लालबी, कंप वाढलाय की! मागच्या खेपेपेक्षा जास्तीच हाय. पुड्या घेतल्या न्हवं?"



"हकीमसाब," पडद्यामागून लालबी म्हणाली, "दोरा आज मी खांबाला बांधलाय."

हकिमांनी डोळे उघडले. दोरा थरथरतच होता.

मग पडद्याखालून एक हात बाहेर आला. इतक्या वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला. सुरकुतलेला, पण जराही न हलणारा. हातात त्यांनीच दिलेल्या पुड्या होत्या, एकही न उघडलेली.

"ह्या घिऊन जावा," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ मधातनं घ्यायच्या. तुमीच सांगितलं हुतं."