एक भोक पुढे

आप्पांना घड्याळं जमवायचा नाद होता, अस्सल तशी नकलीसुद्धा. एक अस्सल घड्याळ आजारी बायकोच्या हातात असे, त्याची हुबेहूब नक्कल पेटीत. ती कधी कुणी घातली नव्हती, तरी तिच्या चामडी पट्ट्यावर बकलाचा वळ उमटू लागला. आज तिसऱ्या भोकाशी उमटला, की उद्या बायकोचं वाळलेलं मनगट तिसऱ्याच भोकावर येई. मग चौथ्यावर.

“अहो, कोण कुणाची नक्कल करतंय?” ती हसून म्हणायची.

काल वळ शेवटच्या भोकाशी होता.

आज सकाळी आप्पांनी हात जोडून पेटी उघडली. पट्टा सपाट, कोरा. वळाचा मागमूस नव्हता.

आतून हाक आली, “अहो, शेवटचं भोकही सैल होतंय. उद्या नवं पाडून आणाल?”