उलटे आकडे

मुंबईत स्फोट होऊन आठवडाही झाला नव्हता. चेणे गावाजवळच्या नाकाबंदीत हवालदाराने सुबोधच्या गाडीत डोकावलं. "डॅशबोर्डमधून ह्या वायरी कसल्या रे?" "कॉम्प्युटर बसवतोय साहेब, घरीच बनवलाय." "चावी काढ आधी!" सुबोधने चावी काढली. चावी निघाली की कॉम्प्युटर बंद व्हायला अर्धं मिनिट लागतं, म्हणून त्यानेच स्क्रीनवर उलटे आकडे टाकले होते. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. "टायमर लावलाय, पळा!" हवालदार ओरडला. "हात वर, हलू नकोस!" बंदुका रोखल्या गेल्या. सुबोधने दोन्ही हात वर केले. अख्ख्या रस्त्यावर शून्याची वाट बघणारा तो एकटाच होता. तीन, दोन, एक. स्पीकरमधून रेकॉर्ड केलेला आईचा आवाज आला, "हँडब्रेक ओढलास का रे बाळा?" कोणीतरी हसलं, मग सगळेच. "हात खाली घे," हवालदार म्हणाला. सुबोधला ते जमेना.