विहिरीची जागा

कमळूआबांनी पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं, तरी दिपालीने पदराखालचा हात बाहेर काढला नाही.

"आबा, ग्रामसभेत विहीर ठाकूरवाडीला ठरलीय. आता जागा बदलायची म्हणजे..."

"म्हणजे सही करायची. दुसरं काय?" सासरे शांतपणे म्हणाले.

विहीर सरकारी, मंजूर झालेली. आबांना ती डोंगराच्या अलीकडे हवी होती, जिथे ते मुंबईवाल्यांना फार्महाउसचे प्लॉट विकत होते. मार्च लागला की ठाकूरवाडीच्या आदिवासी बायका ओढ्यात झरा खणून वाटीवाटीने हंडा भरायच्या. भातसा धरणाचं पाणी जायचं मुंबईला, आणि आता ही विहीरही मुंबईवाल्यांनाच! पण जागा बदलायच्या कागदाला सरपंचाची सही लागत होती, आणि सरपंच होती आबांची सून.

सरपंच कसली, नावाची! पद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा खुर्ची परक्या घरात जाऊ नये म्हणून आबांनी सुनेला उभी केली. खुर्चीत बसायचे आबाच. ही बाजूच्या स्टुलावर. पुढे पंचायत समितीतल्या एका साहेबाने "बाई किती शिकल्यात?" असं चारचौघांत विचारलं आणि आबांना ते फार लागलं. लगोलग सुनेला मुक्त विद्यापीठात घातली. बी.ए., विषय लोकप्रशासन. दर रविवारी नवरा शाम तिला मोटरसायकलवर सापगावमार्गे मुरबाडच्या केंद्रावर न्यायचा, तास सुटेपर्यंत दाराशी बसायचा आणि सुटला की तशीच उचलून घरी आणायचा. मैत्रिणीशी दोन शब्द बोलायची सोय नव्हती.

पुस्तकातली सरपंच सभा बोलवायची, कामं तपासायची, नको त्याला नाही म्हणायची. दिपालीला ती बाई कुठल्या भलत्याच मुलखातली वाटायची. घरात जीव घुसमटायचा. माहेरी आटगावला जावं, तर बाप म्हणणार, एवढं मोठं घर मिळालंय, गप नांद.

"काल काय शिकवलं तुमच्या सरांनी?" आबांनी पेन खाली ठेवत विचारलं.

"अविश्वासाचा ठराव."

आबा पोट धरून हसले. "तो शिकायला मुरबाडला कशाला जायचं? मी घरात शिकवतो. नऊ पंच. माझे पाच, विरोधातले तीन, नववी तू. आठ हात वर, सरपंच खाली. माझं ऐकणारी दुसरी बाई खुर्चीत. एका सांजेचं काम. समजलं ना?"

"समजलं."

"मग चार दिवस घे. विचार कर."

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी जिवली आली, लाकडाची मोळी घेऊन. वाडीची ही ठाकरीण विरोधातली पंच होती, पण पोटासाठी मोळी विकणं काही सुटलं नव्हतं. दिपाली तिला पाणी देऊन तिच्याजवळ उकिडवी बसली. बराच वेळ बसली. शेवटी सासूने आतून हाक मारली, "काय गो, लाकडं मोजतेस का पानं?"

दिपाली उठून आत आली. डोळे लाल झाले होते. चुलीचा धूर, म्हणाली.

आणि तिसऱ्या दिवशी शहापूरहून बातमी आली. सरपंचबाईंवर अविश्वास! तहसीलदारांकडे नोटीस देणारे तिघे, आणि त्यांत पहिला अंगठा जिवलीचा.

"जिच्यासाठी जीव टाकतेस तीच उलटली," सासू म्हणाली. "घे अजून पाणी दे तिला."

दिपाली भाकरी थापत राहिली.

आबांचं मात्र डोकं फिरलं. सून नकोशी झाली तर ती आपण काढू, पण वाडीच्या ठाकरणीने आपल्या घराला हात घालायचा? त्यांच्या इतक्या वर्षांच्या सरपंचकीत अविश्वासाचा शब्द कुणी काढला नव्हता. आपल्यातले दोन पंच जरा डळमळीत वाटले, तर त्यांना उचलून मुरबाडला बहिणीकडे नेऊन ठेवलं. रोज कोंबडी. सभेपर्यंत दोघांची वजनं वाढली.

"आबा," दिपालीने खालमानेने विचारलं, "ती सही आत्ता करू का?"

"खुळी की काय तू? आत्ता केलीस तर वाडी पेटंल, माझे पंच फुटतील. आधी खुर्ची वाचू दे. मग त्याच टेबलावर कर."

"बरं."

सभेला अख्खं गाव लोटलं. तहसीलदार स्वतः अध्यक्ष. दिपाली आपल्या स्टुलावर.

"ठरावाच्या बाजूने कोण?"

तीन हात वर आले. जिवलीचा सगळ्यांत आधी.

"विरोधात?"

आबांनी भिंतीशी उभं राहून आपल्या पाचांकडे नुसतं बघितलं. पाचही हात वर गेले. सहावा दिपालीचा.

"ठराव फेटाळला," तहसीलदार म्हणाले. "कायद्याप्रमाणे आता वर्षभर या सरपंचांवर पुन्हा अविश्वास आणता येणार नाही. कुणालाही."

"ऐकलंत ना?" आबा विरोधकांकडे बघून गरजले. "कुणालाही!" बाहेर फटाके लागले. गुलालात माखलेल्या आबांनी तहसीलदारांना गाडीपर्यंत पोचवलं, परत आले आणि तोच कागद टेबलावर पसरला.

"चल, कर आता."

दिपाली स्टुलावरून उठली आणि खुर्चीत बसली.

"नाय करणार, आबा. विहीर वाडीतच होईल."

"जीभ फुटली काय गो? उद्याच्या उद्या आठ हात वर..."

आबा मध्येच थांबले.

तेवढ्यात माणसांतून वाट काढत जिवली टेबलाशी आली. आबांकडे तिने पाहिलंच नाही.

"बाय," ती म्हणाली, "तू सांगलंस तसा अविश्वास आणला आमी. आता विहीर खणायला कवा लागायचं?"