तहानलेली कुंडी

सासूला जाऊन महिना झाला नाही तोच सूनबाईंनी तिच्या खाटेच्या जागी, गॅलरीत, शेवंतीची कुंडी मांडली. जन्मात कधी गवताची काडी लावली नव्हती, पण हौसेला मोल नसतं.

नर्सरीवाला म्हणाला होता, "वहिनी, आधी मातीत बोट खुपसून बघा. कोरडी लागली तरच पाणी घाला."

सकाळी त्यांनी तांब्याभर पाणी घातलं. खालच्या ताटलीत थेंबही उतरला नाही आणि माती ठणठणीत कोरडी. दुपारी अख्खी बादली ओतली. कुंडीतून घटाघटा आवाज आला. माती तरीही कोरडीच.

"किती ढोसतेस गं सटवे!" सूनबाई कुंडीवर खेकसल्या आणि त्यांनी जीभ चावली. शेवटच्या आठवड्यात सासूलाही त्या हेच म्हणायच्या, फक्त अहो-जाहो घालून. अंथरूण ओलं होतं, धुणार कोण, म्हणून म्हातारीला दिवसाला दोन चमचे पाण्यावर ठेवलं होतं. पाणी पाणी करतच ती गेली.

"मातीला कसले कान!" असं स्वतःलाच दटावून त्यांनी बोट पार मुळापर्यंत खुपसलं.

आत ओल लागली. कोमट ओल. हायसं वाटून त्या बोट काढायला गेल्या, तर एका बोळक्या तोंडानं ते हिरड्यांत घट्ट धरलं आणि चोखायला सुरुवात केली.