घट्ट झाकण

मिस्त्रीने रिकामी बरणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, डाव्या हाताने झाकणाला पक्कड लावली आणि उजव्या हातात मोबाइल धरला. ऊन कट्ट्यावर आलं होतं. समोरच्या इमारतीच्या टाकीआड ते जायच्या आत फोटो काढायला हवा होता. बायको याच वेळेला काढायची.

फोटो निघाला. बरणी छान आली, पक्कडही छान आली. पण मधे त्याचा हात होता. जाड बोटं, नखांत गॅरेजचं काळं. या हाताला झाकण उघडायला पक्कड कशाला लागेल?

बायकोची मनगटं शेवटची काही वर्षं अधू होती. त्यात हा झाकणं लावायचा ती गाडीचे नट आवळल्यासारखी. "अहो, झाकण लावता की चाक बसवता?" ती म्हणायची. शेवटी तिने झाकणं उघडायची ही पक्कड मागवली. बरणी उघडतानाचा आपल्या हाताचा फोटो काढून मोबाइलवरच्या तिच्या पानावर टाकला आणि खाली ऑनलाइन दुकानाची लिंक दिली. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की दुकान तिला थोडं कमिशन द्यायचं. तिचा हात बघून कितीतरी बायकांनी पकडी घेतल्या. मग गाळणी झाली, सोलाणं झालं, झाडू झाला. घरातली एकेक वस्तू कट्ट्यावर उन्हाला बसून आली.

ती गेल्यावर मिस्त्रीने पान चालू ठेवलं. गॅरेजमधले लोक त्याला 'मॅडम' म्हणायला लागले. मॅडम, आज काय विकताय, असं गाडीखालून विचारायचे. तोही हसायचा. पैशांचं त्याला काही नव्हतं. तिच्या फोटोखालची लिंक चालू आहे तोवर ती कुठेतरी कामाला गेली आहे, असं त्याला वाटायचं. ताई, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, असं लोक त्या फोटोखाली लिहायचे. त्यांना त्याने अजून काही कळवलं नव्हतं.

पण विक्री थांबली ती थांबलीच. या महिन्यात एकही विक्री झाली नाही तर तुमचं खातं बंद होईल, असं दुकानाने कळवलं होतं. मिस्त्री रोज सकाळी फोटो टाकत राहिला. कोणी काही घेतलं नाही.

आणि परवा एक पक्कड विकली गेली. तीही बायकोच्या त्या जुन्या फोटोवरून. मिस्त्रीने गॅरेजमध्ये सगळ्यांना चहा पाजला. घरी येऊन लेकीला सांगितलं, तर ती 'बरं झालं, बाबा' एवढंच म्हणून आत गेली.

तो दुसरा फोटो काढणार तेवढ्यात बेल वाजली. दारात कुरियरवाला होता. पार्सल लेकीच्या नावाचं होतं. बोटाएवढ्या वस्तूला हे लोक केवढं खोकं लावतात, असं म्हणत मिस्त्रीने ते टेबलावर ठेवलं आणि कात्री घेतली. लेक केस पुसत बाहेर आली तेव्हा खोकं उघडून झालं होतं.

आत पक्कड होती.

मिस्त्रीने ती हातात घेतली. कट्ट्यावरच्या पकडीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मला वाटलं, कोणी घेत नाही तर आपण तरी घ्यावी," ती म्हणाली. "खातं तर वाचेल."

"पत्ता आपलाच दिलास?"

"दुसरा कुठला देणार?"

चूक काढावी असं त्यात काही नव्हतं. आपल्याला कसं सुचलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

मोबाइल वाजला. चष्मा आत राहिला होता, म्हणून त्याने मोबाइल लेकीकडे दिला. तिने आधी मनात वाचलं. मग सांगितलं की दुकानाचा निरोप आहे. वस्तू खातेदाराच्या स्वतःच्याच घरी पोचली. आपल्याच लिंकवरून घरच्यांनी खरेदी केलेली चालत नाही. नियम मोडला म्हणून खातं आजपासून बंद.

"फोटो राहतील ना?" मिस्त्रीने विचारलं.

"फोटो राहतील. फक्त लिंक चालणार नाही."

"म्हणजे कोणी दाबलं तर?"

लेकीने आईच्या फोटोखाली दाबून पाहिलं. "पान सापडत नाही, असं येतंय."

मिस्त्रीने मान हलवली. चालू न होणाऱ्या गाडीपाशी तो हलवायचा तशी. मग खुर्ची ओढून बसला.

लेकीला काय करावं सुचेना. तिने मोबाइल खाली ठेवून नवी पक्कड उचलली, कट्ट्यावरची बरणी जवळ ओढली आणि झाकण फिरवायला लागली. जोर लावताना तिचं मनगट जरासं बाहेर वळलं. बायकोचं वळायचं तसंच. ऊन अजून कट्ट्यावर होतं.

मिस्त्रीचा हात मोबाइलकडे गेला. त्याने तो उचलला, समोर धरला आणि तसाच पालथा घालून टेबलावर ठेवला.

झाकण हललं नाही. लेकीने हात झटकला.

"बाबा, रिकामी बरणी कोणी एवढी घट्ट लावतं का?"

तो उठला. तिच्या हातातून बरणी घेतली आणि झाकण अर्धा आटा आणखी आवळलं.