रविवारचा शेवटचा बँड

"पुन्हा अमेरिकन?" पॉलीनने पोस्टरचा कच्चा नमुना टेबलावर टाकला. "शुक्रवारी अमेरिकन, शनिवारी ऑस्ट्रेलियन, रविवारी परत अमेरिकन. कुरण यॉर्कशरचं, चिखल यॉर्कशरचा आणि गाणारे सगळे पाहुणे!"

कुरण तिचंच होतं. तिथला रॉक महोत्सव तिच्या नवऱ्याने, टेडने, सुरू केला होता आणि टेड आता नव्हता. त्यामुळे तिच्याशी वाद घालायची पद्धत नव्हती.

"आपले मोठे बँड उरलेत कुठे?" ब्रायन हेस्लॉप म्हणाला. महोत्सवासाठी बँड ठरवायचं काम त्याचं. "गेल्या वर्षी आणले होते ना आपले. चौघांत मिळून स्वतःचे गुडघे तीन, बाकीचे बदललेले."

"मग नवे आण."

"नवे भर दुपारी छोट्या तंबूत वाजवतात आणि आई टाळ्या वाजवते. रविवारी रात्री अख्खं कुरण धरून ठेवतील असे आपल्याकडे आता होतच नाहीत."

यावर समितीतले सगळे एकदम बोलू लागले. ब्रायनला गोंगाट सोसत नसे. रॉक संगीतावर पोट भरणाऱ्या माणसाच्या मानाने हे जरा चमत्कारिकच, पण मंडळींना त्याची सवय झाली होती. त्याने टेबलावर मूठ आपटली. दोनदा झटपट, मग जरा थांबून एकदा. खोली गप्प झाली.

"या वर्षी शेवटचा बँड आपला नसेल," पॉलीन म्हणाली, "तर महोत्सव विकत मागणाऱ्या त्या अमेरिकन कंपनीच्या कागदांवर मी सही करून मोकळी होते. मग टेडचं नाव फाटकावरून उतरव तूच. मित्र ना तुझा?"

ब्रायनने पोस्टरची घडी घालून ती खिशात टाकली. फाटकावरची ती पाटी त्याने आणि टेडने मिळून रंगवली होती.

त्याच आठवड्यात कुणीतरी त्याला एक गाणं पाठवलं. हडर्सफील्डच्या एका बँडचं, अकरा वर्षांपूर्वीचं. ध्वनिमुद्रण यथातथाच होतं. पण गाणाऱ्या बाईच्या आवाजाने त्याला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. ध्रुवपदाआधी सगळी वाद्यं एकदम थांबत. त्या शांततेत कुठूनतरी खोलवरून ठोके येत आणि गाणं उसळून वर येई. ब्रायनच्या डोळ्यांत पाणी आलं. असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

शनिवारी तो हडर्सफील्डला गेला. दहा-बारा वर्षांपूर्वी, घटस्फोटानंतरचं एक वर्ष त्याने याच गावात भाड्याच्या खोलीत काढलं होतं. त्या वर्षातलं त्याला फारसं आठवत नसे. झोप लागत नसे, एवढंच.

गायिकेचं नाव जनीन. ती आता एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती, पण शनिवार असल्याने घरीच सापडली.

"चहा देते. बिस्किटं नाहीत. वरच्या मजल्यावरची कार्टी येऊन फस्त करतात."

"रविवारी रात्री," ब्रायन म्हणाला. "शेवटचा कार्यक्रम. तुमचा."

"अहो, थट्टा करायला एवढ्या लांब आलात? फोनवर केली असतीत."

थट्टा नाही हे पटल्यावर ती खुर्ची ओढून बसली.

"गिटार कोण वाजवतं त्या गाण्यात?" त्याने विचारलं.

"माझा भाऊ. स्टू." तिने फ्रिजवरच्या फोटोकडे हनुवटीने दाखवलं. "आमची खोली गेली, मग बँड गेला. मग तो गोदामात रात्रपाळीला लागला, मग प्यायला लागला. मग तोही गेला."

"खोली गेली म्हणजे?"

"पबची मागची खोली हो. गुरुवारी आमची असायची. तिची भिंत आणि पलीकडच्या गल्लीतल्या घरांची मागची भिंत एकच. पलीकडे कुणी नवीन राहायला आलं, त्यानं आवाजाची तक्रार केली आणि नगरपालिकेनं खोली बंद केली. तक्रार करणाऱ्याचं नाव ते सांगत नाहीत. दार कुठलं ते कळलं असतं, तर स्टू केक घेऊन गेला असता."

ब्रायनचा चेहरा लाल झाला. "हेच! अशाच लोकांनी या देशाचं संगीत मारलं! पबला चिकटून राहायचं आणि आवाज येतो म्हणून रडायचं. आणि आम्ही बसायचं अमेरिकेला फोन लावत!"

"असेल बिचाऱ्याचं काही दुखणं," जनीन म्हणाली. "स्टू म्हणायचा, बँडमधला पाचवा माणूस तो."

"पाचवा?"

"ते ठोके ऐकलेत ना?"

"ते तर गाण्याचा जीव आहेत! तुमचा ड्रमवाला..."

"ड्रमवाला कुठला? आम्ही वाजवायला लागलो, की तो पलीकडून भिंतीवर मूठ मारायचा. स्टूनं गाणंच त्याच्याभोवती बांधलं आणि त्याच खोलीत रेकॉर्ड केलं. पुढे आमच्या ड्रमवाल्यानं खूप खटपट केली, पण त्याला त्या मुठीतला राग जमेना."

तिने उठून फ्रिजवरचा फोटो सरळ केला.

"येईन मी," शेवटी ती म्हणाली. "स्टूसाठी. ड्रमवाल्याच्या मुलीला स्टूनंच गिटार शिकवलेलं, ती वाजवेल. पण त्या ठोक्यांशिवाय ते गाणं मी गाणार नाही."

"तसा माणूस मी शोधतो," ब्रायन म्हणाला. "ती जबाबदारी माझी."

जनीन पहिल्यांदाच हसली. तेवढ्यात वरच्या मजल्यावर पोरांची पळापळ सुरू झाली. छत दणाणलं, कप थरथरले. फोटोतल्या स्टूकडे पाहत असलेल्या ब्रायनची मूठ आपसूक मागच्या भिंतीवर आपटली. दोनदा झटपट, मग जरा थांबून एकदा.

पोरं गप्प झाली.

जनीनने कप खाली ठेवला. तिने फोटोकडे पाहिलं, मग त्याच्या मुठीकडे.

"परत मारा," ती म्हणाली.